कंपनीच्या वर्धापनदिनी रक्तदान शिबिर घ्यायचंय? आधी हे वाचा

"या वेळी पार्टी-बिर्टी नको. काहीतरी समाजोपयोगी करू. आणि हो, पेपरात आलं पाहिजे."

मीटिंग संपता संपता, लॅपटॉप मिटता मिटता टाकलेलं हे वाक्य ज्याच्या टेबलावर येऊन पडतं, तो माणूस बहुतेक वेळा अ‍ॅडमिनचा असतो. आमच्याकडे ती मी होते.

त्या वर्षी आम्ही झाडं लावली. रोपं, खड्डे, कंपनीच्या रंगाचे टी-शर्ट आणि दोन बांबूंवर ताणलेला भला मोठा फ्लेक्स. तीन महिन्यांनी सहज चक्कर मारली, तर उभे होते ते फक्त फ्लेक्सचे बांबू. रोपांना पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पुढे आम्ही रक्तदान शिबिराकडे वळलो आणि आजवर तीन शिबिरं पार पाडली. पहिल्यात जे चुकू शकतं ते सगळं चुकलं. तुमच्यावर हे काम नव्यानेच पडलं असेल, तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नका.

१. वर्धापनदिन नक्की कधी आणि कितवा, ते कागदावर बघा

हसू नका. आमच्याकडे यावरून दोन दिवस वाद झाला. संस्थापकांच्या मते कंपनी सुरू झाली ती पहिलं काम मिळालं तेव्हा, अकाउंट्सच्या मते नोंदणी झाली तेव्हा. नोंदणीच्या प्रमाणपत्रावरची तारीख धरा आणि विषय संपवा.

दुसरा घोळ आकड्याचा. कंपनी २०१५ साली स्थापन झाली असेल तर पहिला वर्धापनदिन २०१६ मध्ये आणि दहावा २०२५ मध्ये येतो. त्या दिवशी दहा वर्षं पूर्ण होतात आणि अकराव्यात पदार्पण होतं. आमच्या फ्लेक्सवर 'दहाव्या वर्षात पदार्पण' आणि प्रेसनोटमध्ये 'दशकपूर्ती' असं छापून आलं होतं. फोन करून विचारणारा उपसंपादक भेटला म्हणून वाचलो.

२. रक्तदानच का, हे स्वतःला विचारा

शिबिर हा एकच पर्याय नाही. कुठलाही उपक्रम ठरवण्याआधी मी आता तीन प्रश्न विचारते: हे कुणी मागितलंय का? दुसऱ्या दिवसापासून ते कोण सांभाळणार? आणि आपल्याकडे असं काय आहे जे इतरांकडे नाही? तुमच्याकडे हातात कसब असलेले तंत्रज्ञ असतील तर लोकांच्या बिघडलेल्या वस्तू दिवसभर मोफत दुरुस्त करून देणं कदाचित जास्त शोभेल. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला 'रिपेअर कॅफे' सुरू झाला तो याच कल्पनेवर, आणि तो पुढे अनेक देशांत पसरला.

नुसतं डोळ्यांत भरेल असं काहीतरी करायचा मोह मात्र टाळा. २७ सप्टेंबर १९८६ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एका सेवाभावी संस्थेच्या निधीसाठी चौदा लाखांहून जास्त फुगे एकाच वेळी सोडले. फोटो अप्रतिम आले. मग हवा फिरली आणि फुगे शहरावर आणि शेजारच्या एरी सरोवरात उतरले. विमानतळाची धावपट्टी काही वेळ बंद ठेवावी लागली. सरोवरात बेपत्ता झालेल्या दोन मच्छीमारांना शोधणाऱ्या पथकाला पाण्यावरचा फुगा कोणता आणि माणसाचं डोकं कोणतं हे ओळखता येईना. ते दोघेही वाचले नाहीत. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. हेतू चांगलाच होता, पण खाली काय पडेल याचा विचार कुणी केला नव्हता.

रक्तदानाची एक सोय आहे: पाणी घालणारा माणूस आधीच ठरलेला असतो. रक्तपेढी. पुढचं सगळं ती बघते. तुम्ही फक्त जागा आणि माणसं द्यायची.

३. रक्तपेढीला पहिला फोन: "तुम्हाला कधी हवंय?"

या लेखातलं फक्त एकच लक्षात ठेवणार असाल, तर ही पायरी ठेवा.

मी पहिल्या वर्षी फोन केला तो असा: "अमुक तारखेला आमचा वर्धापनदिन आहे, आम्हाला शिबिर घ्यायचंय, निदान दोनशे बाटल्या तरी व्हायला हव्यात." पलीकडचे जनसंपर्क अधिकारी शांतपणे म्हणाले, "मॅडम, एवढं एका दिवसात घेऊन ठेवू कुठे? गेल्याच आठवड्यात दोन मोठी शिबिरं झाली. तुम्ही सुट्ट्यांत या ना. तेव्हा आम्ही दारोदार फिरतो."

रक्त साठवता येतं, पण फार काळ नाही. एका बाटलीतून, म्हणजे खरं तर पिशवीतून, रक्ताचे घटक वेगळे काढतात. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तर, पिशवीतल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, सतत हलत्या ठेवून जेमतेम ५ ते ७ दिवस. फक्त प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, गोठवून वर्षभर ठेवता येतो. म्हणजे तुम्ही चुकीच्या आठवड्यात दोनशे जणांना रांगेत उभं केलंत, तर त्यातल्या काहींचं रक्त मुदत संपून वाया जाऊ शकतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत लोकांनी रक्तपेढ्यांबाहेर रांगा लावल्या. जखमींना लागलं ते त्यातलं फारच थोडं, आणि पुढच्या काही आठवड्यांत मुदत संपलेल्या पिशव्या मोठ्या संख्येने टाकून द्याव्या लागल्या.

त्यामुळे रक्तपेढीला हे विचारा:

- वर्षाच्या कुठल्या आठवड्यांत तुटवडा असतो?
- त्या दिवशी तुम्ही जास्तीत जास्त किती पिशव्या घेऊ शकता?
- तुम्ही घटक वेगळे करता का?
- किती खाटा आणि किती कर्मचारी आणाल?
- त्याच आठवड्यात जवळपास दुसरं शिबिर आहे का?

आणि मग तारीख त्यांना ठरवू द्या. "पण वर्धापनदिन तर त्या दिवशी नाही!" हा आक्षेप येणारच. आला की सांगा, की वर्धापनदिनाच्या दिवशी ऑफिसात घोषणा करू आणि शिबिर 'वर्धापनदिनानिमित्त' पाच आठवड्यांनी घेऊ. 'निमित्त' या शब्दात बरंच काही मावतं. आमच्या साहेबांना पटायला वेळ लागला. शेवटी पटलं ते वेगळ्याच कारणाने: सुट्ट्यांच्या काळात वर्तमानपत्रांनाही बातम्यांचा तुटवडा असतो.

रक्तपेढीकडे वैध परवाना आहे ना, तेही बघून घ्या. परवान्याची प्रत मागायला लाजू नका. चांगली रक्तपेढी मागायच्या आधीच देते.

४. आकडा खाटांवरून काढा, हौसेवरून नाही

प्रत्यक्ष रक्त द्यायला ८ ते १० मिनिटं लागतात. झोपणं, नस शोधणं, नंतर जरा पडून राहणं आणि पुढच्यासाठी खाट तयार करणं धरलं, तर एका खाटेवर तासाला तीन माणसं होतात. पाच खाटा आणि चार तास म्हणजे साठ. दोनशे नव्हे, साठ. आमच्या पहिल्या शिबिरात हा हिशेब कुणीच केला नव्हता. लोक दीड दीड तास खुर्च्यांवर ताटकळले, निम्मे कंटाळून निघून गेले. गेलेला माणूस पुन्हा येत नाही.

दर अर्ध्या तासाला सात-आठ जण अशा वेळा वाटून द्या. नाव नोंदवलेले सगळे येत नाहीत आणि आलेले सगळे तपासणीत पात्र ठरत नाहीत, म्हणून थोडी जास्त नावं घ्या, पण दुप्पट नको.

५. जागा

हॉल मोठा असण्यापेक्षा थंड आणि हवेशीर असणं महत्त्वाचं. तळमजला उत्तम. नसेल तर लिफ्टमध्ये घडीची खाट मावते का, ते टेप लावून मोजा. आमची नव्हती मावली.

हॉलचे चार भाग करा: नोंदणी, तपासणी, रक्तदान, विश्रांती. तपासणीच्या टेबलाला पडदा लागतोच. तिथे डॉक्टर अगदी खासगी प्रश्न विचारतात, आणि शेजारी आपला टीम लीडर उभा असेल तर माणूस खरं बोलत नाही. खरं न बोललेलं उत्तर शेवटी रुग्णाच्या नसेत जातं. पडदा कुठल्याही फ्लेक्सपेक्षा महत्त्वाचा आहे.

६. काय काय जमवायचं

कागदपत्रं:

- कंपनीच्या लेटरहेडवर रक्तपेढीला विनंतीपत्र आणि त्यांचं लेखी होकारपत्र
- रक्तपेढीच्या परवान्याची प्रत
- जागामालकाची लेखी परवानगी. जागा सार्वजनिक असेल तर स्थानिक प्रशासनाचीही
- नावनोंदणीची यादी, वेळेसकट
- फोटोसाठी संमतीपत्र (यावर पुढे बोलते)
- स्वयंसेवकांची कामवाटणी
- सर्वात जवळचं हॉस्पिटल आणि अ‍ॅम्ब्युलन्स यांचे नंबर, भिंतीवर चिकटवून

रक्तदात्याचे फॉर्म रक्तपेढी आणते. ते तुम्ही छापू नका, आणि भरलेल्या फॉर्मना हातही लावू नका.

सामान: टेबलं, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, पडदे किंवा पार्टिशन, पिण्याचं पाणी, खाण्याची सोय, कचऱ्याचे डबे, चादरी आणि भरपूर एक्स्टेंशन बोर्ड. पिशवी हलवत ठेवणारं यंत्र, नळी बंद करणारं सीलर, सगळ्यांना वीज लागते. वीज गेली तर काय, हे इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशी विचारून ठेवा. सुया आणि वापरलेला कापूस रक्तपेढीनेच परत न्यायचा असतो. हा मुद्दा होकारपत्रात लिहून घ्या.

७. लोकांना बोलावताना

आमच्या पहिल्या निमंत्रणात सगळं होतं: लोगो, घोषवाक्य, प्रमुख पाहुण्यांचा फोटो. फक्त कामाचं काहीच नव्हतं. अकाउंट्समधला एक तरुण मुलगा सकाळी साडेनऊला हजर झाला, रक्त दिलं, उठून चार पावलं चालला आणि सरळ खाली बसला. चेहरा पांढराफटक. नर्सने आडवं केलं, पाय वर उचलून ठेवले, दोन मिनिटांत तो सावरला. मग कळलं की आदल्या रात्रीपासून त्याने काही खाल्लंच नव्हतं. "रक्त द्यायला उपाशीपोटी यायचं असतं ना?" तो रक्ततपासणीचा नियम, रक्तदानाचा नव्हे. तेव्हापासून आमच्या निमंत्रणात सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच ओळ असते: पोटभर खाऊन या, भरपूर पाणी पिऊन या, रात्री नीट झोपून या.

त्याखाली निकष थोडक्यात द्या. बहुतेक ठिकाणी वय १८ ते ६५ आणि वजन निदान ५० किलो (काही ठिकाणी ४५ चालतं) लागतं. हिमोग्लोबिन जागेवरच तपासतात. दोन रक्तदानांमधलं अंतर देशागणिक बदलतं. अमेरिकेत ५६ दिवस, तर ब्रिटनमध्ये पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १६ आठवडे. तुमच्या रक्तपेढीचे निकष त्यांच्याकडूनच लिहून घ्या, इंटरनेटवरून उचलू नका.

आता दोन सापळे.

पहिला सक्तीचा. "सगळ्या विभागांनी किमान दहा नावं द्यावीत" असा मेल चुकूनही पाठवू नका. कुणाला आजार असतो, कुणी औषधं घेत असतं, कुणाला सुईची भीती वाटते, आणि यातलं काहीही ऑफिसला सांगायची गरज नसते. नाव न देणाऱ्याला 'का नाही' विचारायचं नाही. तपासणीत नाकारल्या गेलेल्यालाही नाही. रक्तदात्यांची यादी नोटीस बोर्डवर लावली की न दिलेल्यांची यादी आपोआप तयार होते, तेव्हा तीही लावू नका. ज्यांना द्यायचं नाही त्यांच्यासाठी नोंदणी, पाणी, खुर्च्या अशी ढीगभर कामं असतात.

दुसरा भेटवस्तूंचा. मार्केटिंगवाल्यांना महागडी भेट द्यायची असते. नको. जागतिक आरोग्य परिषदेने १९७५ मध्येच रक्तदान ऐच्छिक आणि विनामोबदला असावं असा ठराव केला, त्यामागे कारण आहे: काहीतरी मिळणार असेल तर माणूस आजार लपवतो. आम्ही आता एक साधं कार्ड देतो, ज्यावर पुन्हा रक्त कधी देता येईल ती तारीख लिहिलेली असते.

८. प्रसिद्धी

'भव्य रक्तदान शिबिर उत्साहात संपन्न.' अशा शीर्षकाच्या प्रेसनोट संपादकीय टेबलावर रोज ढिगाने येतात आणि तशाच जातात. कंपनीला दहा वर्षं झाली ही कंपनीची आनंदाची गोष्ट आहे, बातमी नाही. बातमी अशी: सुट्ट्यांत रक्ताचा साठा खालावतो, म्हणून एका कंपनीने वर्धापनदिनाचा कार्यक्रम पाच आठवडे पुढे ढकलला. आमच्या तिसऱ्या शिबिराची हीच ओळ आम्ही वर घेतली, आणि पहिल्यांदाच वार्ताहराने स्वतःहून उलट फोन केला. तोही आम्हाला नव्हे, रक्तपेढीला. साहेब जरा हिरमुसले, पण छापून आलं ते पान तीनवर, चांगलं चार रकानी.

ही युक्ती काही नवी नाही. २१ ऑक्टोबर १९२९ रोजी एडिसनच्या विजेच्या दिव्याला पन्नास वर्षं झाल्याचा मोठा सोहळा झाला. म्हाताऱ्या एडिसननेच दिवा पेटवण्याचा प्रसंग पुन्हा करून दाखवला आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना घरातले दिवे मालवून त्या क्षणी लावायला सांगितलं होतं. मागे मोठमोठ्या कंपन्या होत्या, पण बातमी झाली ती दिव्याची.

प्रेसनोट एका पानाची. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कधी, कुठे, कशासाठी. दुसऱ्यात रक्तपेढीच्या अधिकाऱ्याचं म्हणणं, त्यांना आधी वाचून दाखवून. कंपनीविषयी शेवटी दोन ओळी. तीन-चार दिवस आधी 'शिबिर होणार' ही छोटी बातमी पाठवा, म्हणजे बाहेरचे लोकही येतात, आणि शिबिराच्या दिवशी संध्याकाळी फोटोसह दुसरी. रात्री दहाला पाठवलेली बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट चुकते.

फोटोओळ फोटोसोबतच पाठवा, डावीकडून नावं आणि हुद्दे तपासून. रक्तदात्याचा फोटो हवा असेल तर आधी लेखी संमती घ्या, आणि तीही खाटेवर झोपल्यावर नाही, नोंदणीच्या वेळी. पिशवी आणि नळी यांचा क्लोजअप नको. पुढच्या वर्षी येणारे दहा जण तो बघून घाबरतात. चेंडू दाबणारी मूठ आणि हसरा चेहरा पुरतो.

आणखी एक. 'साठ जणांनी एकशे ऐंशी प्राण वाचवले' असं लिहू नका. एका पिशवीचे घटक तीन रुग्णांपर्यंतच्या उपयोगी पडू शकतात, एवढंच खरं. कुठली पिशवी कुणाला लागली, हे तुम्हाला कळत नसतं.

९. त्या दिवशी

उद्घाटनासाठी रक्तदात्यांना ताटकळत ठेवू नका. आम्ही एकदा प्रमुख पाहुण्यांची पाऊण तास वाट पाहिली. फीत ताणलेली आणि तिच्यापलीकडे खाटा रिकाम्या. आता पहिला रक्तदाता खाटेवर झोपला की शिबिर सुरू. पाहुणे आले की येतील, भाषण पाच मिनिटांचं, माइक विश्रांतीच्या भागापासून दूर.

विश्रांतीच्या टेबलावर तुमचा सगळ्यात गप्पिष्ट सहकारी बसवा. त्याचं काम एवढंच: रक्त दिलेल्या माणसाला १०-१५ मिनिटं उठू न देणं, काहीतरी खायला-प्यायला लावणं आणि चेहऱ्यावर लक्ष ठेवणं. कुणाला चक्कर आली तर भोवती गर्दी होऊ देऊ नका, मोबाइल तर आधी खाली. उपचार रक्तपेढीचे लोक करतील. निघताना प्रत्येकाला सांगा: आज जड उचलू नका, पाणी जास्त प्या.

१०. नंतर

रक्तपेढी प्रत्येक पिशवीची तपासणी करते. काही निघालं तर ती थेट त्या व्यक्तीला कळवते, कंपनीला नाही, आणि कंपनीने विचारायचंही नाही. तुम्ही फक्त एकूण संख्या मागा आणि ती सगळ्यांना कळवा, आकडा साठचा असो वा सव्वीसचा.

त्याच संध्याकाळी, दमलेले असलात तरी, अर्धा तास बसून एका पानावर लिहून ठेवा: किती आले, किती थांबले, कुठे रांग लागली, काय कमी पडलं. आमच्या फाइलमधलं पहिल्या वर्षाचं पान असं संपतं: "पडदे कमी. खाट लिफ्टमध्ये मावत नाही. एक्स्टेंशन बोर्ड चार आणले, सात लागले. दोन शेजारच्या ऑफिसचे आहेत, सोमवारी परत द्यायचे."